तिसऱ्या ओळीतला आवाज

गळ्याची गाठ काढल्यानंतर वर्षभर मी देवाशी बोलत होते, पण गात नव्हते. नागपूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाजाचं काही सांगता येत नाही. जीव वाचला. आवाज मात्र असा बसला, की वर्गात हजेरी घेताना पोरं एकमेकांकडे बघायची. आदिलाबादजवळच्या इचोड्यात, आमच्या लहानशा चर्चमध्ये वीस वर्षं मी भजनाची ओळ पुढे म्हणत आले होते. मी म्हणायची आणि सगळी मंडळी मागे म्हणायची, मराठी असोत की तेलुगू. आता रविवारी मी शेवटच्या बाकावर बसून ओठ हलवत असे. माझ्या जागी सुनीता नावाची तरुण मुलगी म्हणू लागली होती. तिचा सूर जरा खाली घसरला की मला मनातून बरं वाटायचं, हे कबूल करते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच माझं झालं होतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट असेल. कापूस फुटायला लागला होता. चर्चच्या वर्धापनदिनासाठी आमच्या पाळकांनी नागपूरहून एका वृद्ध संगीतशिक्षकांना बोलावलं. सर मूळ गोव्याचे. ते एका दिवसात आम्हांला चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं प्रार्थनासंगीत शिकवणार आणि संध्याकाळच्या उपासनेत ते गायचं, असं ठरलं. शब्द लॅटिन, अर्थ एवढाच, की आम्हांला शांती दे. पेटी नाही, ढोलकी नाही. एकाच वेळी चार वेगळ्या ओळी, प्रत्येक ओळ आपल्या वेळेला सुरू होणार आणि सगळ्या मिळून एक गाणं होणार. सरांनी शब्द देवनागरीत लिहून, खाली सारेगम मांडून, सायक्लोस्टाइलचे जांभळे कागद आणले होते. ढोलकीशिवाय भजन ऐकून देव झोपून जाईल, असं आमची सखूमावशी म्हणाली आणि सकाळीच हशा पिकला.

मी जाणार नव्हते. यांनीच, म्हणजे माझ्या यजमानांनी, आग्रह केला. कापसाच्या बाजारात कारकुनी करणारा हा माणूस एरवी चर्चमध्ये चपला सांभाळायलाच आल्यासारखा मागे उभा राहतो, पण त्या दिवशी माझ्यासाठी चौथ्या, सगळ्यांत खालच्या सुराच्या ओळीत स्वतःचंही नाव देऊन मोकळा झाला. सरांनी प्रत्येकाचा आवाज ऐकला. माझा ऐकून मला पुरुषांबरोबर तिसऱ्या ओळीत उभं केलं. म्हणाले, हा आवाज तिथलाच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी फजिती पुढेच झाली. सरांनी माझ्या ओळीला हाताने खूण केली. मी घसा खाकरून सुरू केलं आणि तिसऱ्या शब्दाला अख्खं चर्च माझ्या मागे म्हणू लागलं. वरच्या ओळीच्या बायका माझ्या ओळीत, दुसऱ्या ओळीतली आमच्या दवाखान्यातली नर्स मल्लक्का माझ्या ओळीत, खालच्या आवाजातले आमचे हेसुद्धा. सरांनी थांबवलं, पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी हात जोडून विचारलं, की बायांनो, तुमच्यापुढे तुमची ओळ लिहिलेली असताना तुम्ही यांची का म्हणता? तेव्हा सखूमावशीने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "वीस वर्सं झाली सर, बाई म्हनते अन् आमी मागं म्हनतो. बाईनं सुरू केल्यावर आपलंच येगळं म्हनत राह्यलो, तं तिचा अपमान नाई का होत?"

सगळे मान डोलावू लागले. मला मात्र वाटलं, मावशी सारवासारव करते आहे. माझा फाटका आवाज उघडा पडू नये म्हणून हे सगळे त्यावर पांघरूण घालताहेत, असंच माझ्या मनाने घेतलं. जेवायची सुटी झाली तशी मी मागच्या हातपंपाकडे गेले. घरी निघून जायचं आणि पुन्हा इथे तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. देवाला म्हटलं, आवाज घ्यायचा होता तर घेतलास, आता लाज तरी राहू दे. प्रार्थना म्हणायची तर फार रागाची होती.

पंपावर एक अनोळखी माणूस डबा भरत होता. पन्नाशीचा, लुंगी गुडघ्याशी बांधलेली, खांद्यावर ग्रीसने काळा पडलेला टॉवेल. रस्त्यावर त्याचा ट्रक बंद पडला होता. पाण्याचा पाइप फाटला होता आणि मेकॅनिक नवा आणायला आदिलाबादला गेला होता. हे त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पंप मारता मारता तो काहीतरी गुणगुणत होता. मी कान दिला तर शब्द आमचेच होते, आणि ओळ खालची, जी आमच्या यांना सकाळपासून जमत नव्हती.

तो केरळचा. समुद्रकाठच्या त्याच्या गावी लहानपणी चर्चमध्ये लॅटिनच चालत असे आणि त्याचे वडील खालच्या ओळीत उभे राहत. आमचा गोंधळ त्याने रस्त्यावरून ऐकला होता. त्याला हसू आलं नव्हतं, घर आठवलं होतं. आमची मंडळी माझ्याच मागे म्हणतात, असं मी रडकुंडीला येऊन सांगितलं, तर त्याला त्यात काही चूक दिसेना. त्यांच्याकडेही लोक मागेच म्हणत, फक्त प्रत्येक ओळीला आपापला एक पुढे म्हणणारा असे. एवढं बोलून तो डबा उचलून निघाला होता. मी त्याला हाताला धरून आत नेलं, हे आता आठवलं की माझंच मला नवल वाटतं. परक्या पुरुषाचा हात मी आयुष्यात दुसऱ्यांदा धरला नाही.

सर आनंदाने उठूनच उभे राहिले. दुपारी त्यांनी नवी व्यवस्था लावली. वरच्या ओळीला सुनीता, दुसरीला मल्लक्का, तिसरीला मी आणि चौथीला हा ड्रायव्हर. बायांना सांगितलं, तुमची मागे म्हणायची रीत मोडू नका, फक्त आपल्या माणसाच्या मागे म्हणा. तेवढं सांगितल्यावर तासाभरात गाणं उभं राहिलं. रोज कापूस वेचून बोंडांनी बोटं ओरबाडलेल्या आमच्या बाया चारशे वर्षांपूर्वीचे सूर असे लावत होत्या, की सर डोळे पुसत होते. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि आजही वाटतो. कोणी काही म्हणो, हे आमच्या इचोड्यात झालं.

पण शेवटच्या भागाची धास्ती होती. तिथे सगळे थांबायचे आणि माझ्या ओळीने, माझ्या एकटीने, शांतीचा शब्द पुन्हा सुरू करायचा होता. माझ्याऐवजी दुसरं कोणी घ्या, असं मी सरांना दोनदा विनवलं. ते नुसते हसले. ड्रायव्हर माझ्या मागेच उभा राहणार होता. त्याने माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "आप पीछे मत देखो, बहनजी. मैं नीचे पकड़ता है, आप अपना गाओ."

उपासनेला चर्च भरलं होतं. शेजारपाजारची हिंदू, बौद्ध मंडळीही दाराशी उभी होती. तो भाग आला. सगळे थांबले. सरांचा हात माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली. घशात सूरच नव्हता. तेवढ्यात मागून अगदी हळू, जमिनीतून यावा तसा एक खालचा सूर लागला. त्याची वेळ तिथे नव्हती, कागदावर तो सूर नव्हताच. मी मागे पाहिलं नाही. त्या सुरावर माझा सूर ठेवला आणि तो राहिला. जाड होता, खरखरीत होता, पण हलला नाही. मग मल्लक्का आली, मग सुनीता आली, आणि एकही बाई माझ्या मागे आली नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गाताना स्वतःला ऐकत नव्हते, गाणं ऐकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

शेवटची प्रार्थना संपवून वळले तर ड्रायव्हर नव्हता. मेकॅनिक आला होता, असं आमचे हे म्हणाले. आम्ही दोघं रस्त्यापर्यंत धावलो. ट्रक ढाब्याच्याही पुढे गेला होता. मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. पाइप इचोड्यातच मिळाला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करते आणि मग सोडून देते. ज्याने पाठवला त्याला नाव ठाऊक आहे.

चर्चच्या पायरीवर सखूमावशी माझी वाट पाहत उभी होती. चेहरा अपराधी. म्हणाली, "बाई, आज तुमच्या मागं नाई म्हटलं. राग नका मानू." मी तिला मिठी मारली. सकाळी तिने दिलेला मान मला दया वाटली होती, याची शरम वाटली आणि तिला ते सांगूनही टाकलं. ती म्हणाली, येडी आहेस.

आवाज पहिल्यासारखा कधीच झाला नाही. मी तो मागणंही सोडलं. जो दिलास तो तुझाच आहे, हवा तिथे उभा कर, एवढंच देवाला म्हणते. त्याने उभं केलं तिथे मला फार सुख लाभलं, आणि त्याचे आभार मानायला हाच खरखरीत आवाज पुरतो. आता रविवारी सुनीता पुढे म्हणते आणि मी तिच्या मागे म्हणते.