पंख्याखालची खाट

वॉर्डातल्या सिस्टरांत वयाने मोठी म्हणून तिला सगळ्या थोरली म्हणत. थोरलीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि नव्या मेट्रनबाईंवर तर मुळीच नाही. बाई आल्या त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर येऊन सांगा. कुणाला बोल लावणार नाही."

गोड बोलून गळ टाकतेय, थोरलीने मनात म्हटलं. आधीच्या मेट्रननेही असंच प्रेमाने विचारलं होतं. थोरलीच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने खरं सांगितलं आणि लगेच तिची बदली झाली. तेव्हापासून वॉर्डात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

आणि नेमकं तिच्याच हातून घडायला आलं. सकाळी इन्सुलिन भरून ती सात नंबरपाशी गेली. तिथे पेशंटला खाटेच्या नंबरानेच हाक मारायची रीत. "सात नंबर, दंड पुढे करा."

सुई टेकणार तोच आजी म्हणाल्या, "कसलं गं हे?"

"साखरेचं."

"मला कुठली साखर! ती त्या पलीकडच्या बाईंना. डोक्यावरचा पंखा मला सोसेना, म्हणून आम्ही पहाटे खाटा बदलल्या."

थोरलीने सुई झटकन बाजूला घेतली. टोचलं असतं तर साखर उतरून आजींची शुद्धच गेली असती. "थट्टा केली हो," म्हणत ती मागे फिरली. कुणी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं? शेजारी काटकुळी सिस्टर उगाच एवढा वेळ एकच उशी झटकत होती. मेट्रनबाईंनी दारातून "बरं चाललंय ना?" विचारलं, त्यातही तिला खोच दिसली.

घरी सासूबाई जप करत बसल्या होत्या. थोरलीने सगळं सांगितलं. "देवानंच हात धरला हो आई."

"धरला ना? मग उद्या दुसरीचा धरायलाही त्यालाच बसवणार का? त्याला बाकीची कामं नाहीत?"

"माझी नोकरी गेली तर?"

माळ थांबली. "तर घरी बसून माझ्याशी भांड. पण त्या आजीसारख्या कुणाला काही झालं, तर मला तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी थोरलीने मेट्रनबाईंना सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "हाक काय मारलीस?"

"सात नंबर."

"मीही तेच म्हणते त्यांना. चल, सांगू या."

आलं! आता सगळ्यांदेखत पाणउतारा. पण मेट्रनबाईंनी आजींना झालेलं सांगितलं आणि वॉर्डातर्फे स्वतःच माफी मागितली. आजी म्हणाल्या, "नाव विचारलं असतंत तर सांगितलं असतं की! आल्यापासून एकीने विचारलं नाही. मला वाटलं, इथे नाव बाहेर चपलांजवळ काढून ठेवायचं असतं."

त्या दिवसापासून काहीही देण्याआधी पेशंटच्याच तोंडून नाव वदवून घ्यायचं ठरलं. थोरली मात्र रोज बदलीच्या हुकुमाची वाट बघायची. एका दुपारी काटकुळीने तिला चादरींच्या कपाटाआड गाठलं.

"खरंच काही केलं नाही तुला?"

"अजून तरी नाही."

"मग माझंही एक आहे. परवा गोळ्या वाटताना..."

"मला नको, त्यांना सांग."

"आणि सापळा असला तर?"

"असेलही," थोरली म्हणाली. "म्हणून तर मी बरोबर येतेय. तुला एक शब्द वाकडा बोलल्या, तर ऐकायला मी असेन."