बंद बोर्डावरचं गाऱ्हाणं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी 'ताई, तुमची श्रद्धा असेल' वगैरे म्हणायला नको. माझी कशावरच श्रद्धा नाही. नारळ-लिंबू, अमावास्या, बाहेरची बाधा… असलं कोणी सुरू केलं की मी उठून चहा ठेवायला जाते. इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते टाइमपास म्हणून, आणि प्रत्येकात खोट काढत बसले. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय. तुम्हीही काढा खोट. कोणी खरंच काढून दाखवली तर मी त्याचे पाय धरीन.

आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, टेंभीपाड्याच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर. घरात दोघंच — मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. आबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. मी घरूनच एका कंपनीचं इन्शुरन्स क्लेम तपासायचं काम करते. स्वभावाने मी भांडखोर. सोसायटीचा सेक्रेटरी मला जिन्यात पाहिलं की परत वर जातो, यावरून काय ते समजा.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. घरातल्या थोरल्या माणसाने देवासमोर उभं राहून मोठ्याने बोलायचं — ह्याला बरं कर, तिच्या लग्नाचं बघ — आणि मागे उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पोथी नाही, पाठांतर नाही. त्या दिवशी जे दुखतंय ते बोलायचं. आबांचं गाऱ्हाणं नावाजलेलं होतं. गणपतीत भांडुपातली आमची निम्मी वाडी त्यांनाच बोलवायची. घरी तर रोज सकाळी अंघोळ करून ते देव्हाऱ्यासमोर उभे राहणार, आणि मी मागे पोळ्या लाटता लाटता 'व्हय म्हाराजा' म्हणणार. श्रद्धा-बिद्धा काही नाही, सवय.

गेल्या वर्षी आबांच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज कायमचा जाणार. घरी येईपर्यंत मी रिक्षात रडत होते आणि आबा मलाच थोपटत होते.

मी ठरवलं, ऑपरेशनच्या आधी त्यांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करायचं. तुम्ही म्हणाल, आधीचं काही नव्हतं का? नव्हतं. आबांकडे बटणांचा फोन. लग्नाच्या व्हिडिओंत ते आहेत, पण वर बॅन्डबाजा. आणि गाऱ्हाणं मोबाइलसमोर करायला त्यांचा कायम नकार, देवाशी बोलणं ही काय करमणूक आहे का म्हणायचे. या वेळी मात्र तयार झाले. माझा नवा लॅपटॉप आला होता, महिनाही झाला नव्हता. त्यावर करूया म्हणाले, पण एका अटीवर.

"हत्यार असा ता," आबा म्हणाले. "पुजल्याशिवाय तेच्यासमोर तोंड उघडूचंय नाय."

गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा करायचे ना, तशीच केली त्यांनी. लॅपटॉप पाटावर ठेवला, फूल पाण्यात बुडवून शिंपडलं, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. मी लगेच फडक्याने टिपून घेतलं. मग त्यांनी सतरा मिनिटं गाऱ्हाणं केलं. माझ्या आजीपासून ते खालच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मागितलं. मी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, ते पण त्यात आलं. दोन दिवसांनी ऑपरेशन. कॉपी काढायची राहिली. हॉस्पिटलच्या धावपळीत राहिली, एवढंच. मी दिवसभर दुसऱ्यांच्या फायली तपासते, आणि माझ्या एका फाइलची कॉपी मला काढता आली नाही.

आबा तीन आठवड्यांनी घरी आले. गळ्याला भोक, त्यातून श्वास. काही सांगायचं तर मी आणलेल्या शाळकरी पाटीवर लिहायचे. दुसऱ्याच सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज शून्य. गळ्यातून नुसती फुसफुस. पण गाऱ्हाणं पूर्ण. मी ओठांकडे बघून, वाक्य संपलंसं वाटलं की 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. ते झालं की माझ्याकडे वळून मान हलवायचे, मग मी गळ्याचं ड्रेसिंग करायचे. हे रोज साडेदहा-पावणेअकराला.

आठवड्याभराने त्यांनी पाटीवर लिहिलं, लाव. म्हणजे रेकॉर्डिंग. मी लॅपटॉप काढला, बटण दाबलं… काही नाही. चार्जर लावला, लाइटसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत मी त्यावर काम केलं होतं. आबा समोर खुर्चीत ताठ बसले होते, स्वतःचा आवाज ऐकायला. मी त्यांना सांगितलं, घाटकोपरला सर्व्हिस सेंटर आहे, वॉरंटी आहे, आणते दोन दिवसांत.

सर्व्हिस सेंटर घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. कंपनीचं नाव लिहीत नाही, काय उपयोग. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, मी दोन सह्या ठोकल्या. वाचला नाही. दोन दिवसांनी फोन आला, वॉरंटी रिजेक्ट. मी तडक गेले. आतून इंजिनिअर आले, सोनवणे, पंचेचाळीसचे असतील, शांत माणूस, लातूरकडचे. त्यांनी उघडलेला लॅपटॉप दाखवला. कीबोर्डखाली लालभडक डाग. कुंकू. कंपनीच्या नियमात कुंकू नसतं, आत पाणी गेलेलं असतं, आणि पाणी गेलं की वॉरंटी संपली.

माझं टाळकं सटकलं. मी तिथेच आवाज चढवला. पुढचे बारा दिवस मी त्यांना सळो की पळो करून सोडलं — ईमेल, वरच्या साहेबाला फोन, ग्राहक मंचाची धमकी, एक दिवसाआड घाटकोपर. सोनवण्यांनी स्वतः रिपोर्ट दिला की डाग कीबोर्डपुरताच आहे, मदरबोर्ड कोरडा आहे, तो आपोआप गेलाय. चांगला माणूस. त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, पहिल्याच आठवड्यात. या मॉडेलची मेमरी मदरबोर्डलाच चिकटवलेली असते, डेटा हवा असेल तर हाच बोर्ड बाहेर कोणा डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा, होईलच असं नाही, पण बोर्ड हातात पाहिजे. मी ऐकलं. पण डोक्यात भांडण होतं. मला वाटत होतं आधी वॉरंटी मिळवू, मग बोर्ड मागून घेऊ. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीचा होतो, हे मी सही केलेल्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. म्हणजे मी हरले असते तर बोर्ड माझ्याकडे राहिला असता. मी जिंकायला निघाले होते.

आता तो मंगळवार. सकाळी माझी ऑफिसची मीटिंग लागली, मी मामाच्या मुलाचा लॅपटॉप उसना आणला होता त्यावर, कानात हेडफोन. आबा देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, पण माझा माइक चालू होता, त्यामुळे त्या दिवशी मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. ते मधेमधे थांबत होते, जरा मागे बघत होते. मी हाताने खूण केली, चालू द्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं. घड्याळ बघितलं ते पक्कं आठवतंय, कारण ड्रेसिंगला उशीर होत होता. अकराला दहा कमी होते.

दुपारी ईमेल आला, क्लेम मंजूर. संध्याकाळी फोन आला, नवा बोर्ड बसवला, उद्या घेऊन जा. मी आबांना म्हटलं, "झालं काम. उद्या आणते." ते हसले.

बुधवारी सकाळी ते देवासमोर उभे राहिले आणि ओठ हललेच नाहीत. हात जोडून नुसते उभे. मिनिटभराने येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं घसा दुखत असेल. ड्रेसिंग उरकलं आणि घाटकोपरला पळाले.

लॅपटॉप चालू झाला. नवा कोरा, आत काही नाही. मी जुना बोर्ड मागितला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, तो तर काल पाचच्या कुरिअरने कंपनीला गेला, तुमची सही आहे. मी पुन्हा आवाज चढवणार तेवढ्यात सोनवणे बाहेर आले आणि मला आत घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, मॅडम, रागावू नका, एक विचारायचंय, तुमच्या घरात कोणी मालवणी बोलतं का?

मग त्यांनी सांगितलं ते असं. मंगळवारी सकाळी ते शेवटचं एकदा तपासायला बसले होते. बोर्ड बाहेर काढलेला, टेबलावर. बॅटरी नाही, चार्जर नाही, स्पीकर काढून बाजूच्या ट्रेमध्ये. आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज यायला लागला. त्यांना वाटलं कोणाचा मोबाइल. काउंटरवरच्या मुलीने पण ऐकला, ती आत बघायला आली. त्यांनी कान जवळ नेला तर बोर्डातूनच. दहा मिनिटं तरी चाललं. किती वाजता, मी विचारलं. ते म्हणाले, अकराला दहा कमी, चहा यायच्या आधी.

मला वाटलं, असेल काहीतरी, बोर्डात कुठेतरी वीज उरली असेल, रेकॉर्डिंग वाजलं असेल. मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि जॉबशीट उलटं करून दाखवलं. पेनने घाईघाईत लिहिलं होतं. पूर्ण कळलं नाही, म्हणाले, पण घाटकोपर ऐकू आलं म्हणून लिहून ठेवलं.

'बा देवा म्हाराजा. ह्या माझ्या चेडवाक घाटकोपराचे फेरे पडतत. दमला ता. ताच्या कामाक येस दी आणि एकदाचा मार्गी लाव म्हाराजा.'

येस म्हणजे यश, चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

रेकॉर्डिंग केलं तेव्हा घाटकोपरचा विषयच नव्हता. तेव्हा लॅपटॉप धडधाकट होता. आणि रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे, दर वाक्यामागे. सोनवण्यांना मी विचारलं, मागून कोणी बाई बोलत होती का? नाही म्हणाले. तेच तर विचित्र वाटलं, म्हणाले, तो माणूस प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, कोणीतरी काही म्हणेल अशी वाट बघितल्यासारखा, आणि कोणीच काही म्हणत नव्हतं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. मला फोन का नाही केलात, विचारलं.

"काय सांगणार होतो, मॅडम?" सोनवणे म्हणाले. "बंद बोर्ड बोलतोय म्हणून? आणि बारा वाजता तुमचं अप्रूव्हलच आलं. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. कंपनीचे सगळे नंबर फिरवले. आलेले बोर्ड ढिगाने मोडीत जातात, शोधता येत नाही, असं उत्तर. भांडले, नंतर भीक मागितली. काही नाही. आयुष्यभर मी समजत होते की भांडलं की मिळतं. मिळालंच ना. नवा बोर्ड मिळाला.

त्या बुधवारी घरी आले तेव्हा आबा खुर्चीतच होते. डेटा गेला हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आजही सांगितलेलं नाही. सांगितलं की लॅपटॉप चालू झाला, रेकॉर्डिंग नंतर लावते. त्यांनी मान डोलवली. पण गुरुवारीही ओठ हलले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. रविवारी मला राहवलं नाही. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आबा, गाऱ्हाणं का घालत नाही?"

त्यांनी खडू घेतला. मग लिहिलं, 'आता पोचणा नाय.'

पोचत नाही. कुठे पोचत नाही, आधी कुठे पोचत होतं, कसं कळलं — मी सगळं विचारलं. त्यांनी पाटी पुसली आणि मला परत दिली.

याला आता चार महिने झाले. सोनवणे अजून अधूनमधून फोन करून आबांची चौकशी करतात. आबांची तब्येत ठीक आहे, डॉक्टर खूश आहेत. रोज सकाळी अंघोळ करून ते देवासमोर हात जोडून उभे राहतात, ओठ बंद. मी आता त्या वेळेला मीटिंग घेत नाही. गॅस बंद करून त्यांच्या मागे जाऊन उभी राहते. पण 'व्हय म्हाराजा' कधी म्हणायचं तेच कळत नाही, म्हणून मीही गप्प असते.