ऐरणीवरचं दुसरं फूल

त्र्याहत्तर साली कराडला माझ्या खोलीसमोर एका म्हाताऱ्या लोहाराचं दुकान होतं. रोज दिसायचा, बोलायचा मात्र नाही. खंडेनवमीला त्याने ऐरण धुतली, कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वाहिलं. मग दुसरं, थोडं बाजूला.

“हे कुणाचं?” मी विचारलं.

“फेरारोंचं. मिल्ट्रीत हुतो. इटलीच्या लढाईत जखमी झालो, तवा त्यांनी घरात लपवलं. त्यांच्या भाषेत ह्या आडनावाचा अर्थच लोहार. पिढ्यान्‌पिढ्या घन मारला, म्हनून गावानं तेच नाव दिलं.”

“आता कोण असतं तिथे?” मी उगाच विचारलं.

“कोन न्हाई. माझ्यापायी जर्मनांनी त्यांच्या एकुलत्या पोराला गोळी घातली. नाव बुडालं.”

त्याने आधी त्या दुसऱ्या फुलाला हात जोडले.