बुडालेल्या गावातला साहेब

तमाशाच्या फडात सरूबाईनं उभं आयुष्य राजे आणि कोतवाल रंगवले. आवाज पहाडी, म्हणून वगातली पुरुषांची कामं तिच्याकडंच यायची. फड मोडल्यावर ती पिंपळवंडीला भावाकडं राहायला आली, टोमॅटो तोडायला जाऊ लागली. पण बांधावरून चालायची ती कोतवालासारखीच.

२००३ च्या उन्हाळ्यात रीना तिला शोधत आली. घोडेगावच्या लालचंदशेठ कापडवाल्यांची ही मुलगी पुण्यात नाटक शिकली होती. धरणाचं पाणी आटलं की बुडालेल्या एका गावाची जोती उघडी पडायची. तिथंच, ना मांडव ना पडदा, गाव उठवलं त्या दिवसाचं नाटक तिला करायचं होतं.

"सरूमावशी, पोलिसांपुढं आडवी पडलेली म्हातारी तुम्ही करा."

"म्हातारी कोन बी करंल. मला गाव उठवनारा साहेब दे."

"बाईनं साहेब?"

"मी औरंगजेब केलाय, पोरी. तुझा साहेब काय लई मोठा लागून गेला?"

शिनोलीत चिंचेखाली तालमी सुरू झाल्या आणि दोघींची रोज जुंपू लागली. सरूबाईला ढोलकी हवी, रीनाला नको. सरूबाईनं साहेब डरकाळ्या फोडत केला, तर रीना म्हणाली, "हा नुसता राक्षस झाला. खऱ्या साहेबाला लोकांनी चहा पाजला होता." सरूबाई दोन दिवस फुगून बसली. मग आली ती हळू, मऊ आवाजात बोलत: "आजी, ऊन लागतंय, सावलीत बसा. घर काय, दुसरं बांधता येतं." रीनाच्या अंगावर काटा आला. ढोलकीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी उठवलेली माणसं ट्रॅक्टरांतून आली. भेगाळलेल्या गाळातून चालत जो तो आपापलं जोतं शोधू लागला. नाटक रंगलं. साहेबानं हात जोडून गाव रिकामं करायला सांगितलं. आता नटांनी बोचकी उचलून निघायचं होतं. एवढ्यात प्रेक्षकांतला भागू म्हातारा उठला आणि आपल्या जोत्यावर मांडी घालून बसला.

"मी न्हाई उठनार."

नट थबकले. रीनानं सरूबाईकडं पाहिलं. सरूबाईनं चष्मा सारखा केला आणि साहेबाच्याच आवाजात विचारलं, "बाबा, सगळे निघाले. तुम्ही एकटे काय करणार?"

"एकटा कुटं? ह्ये बगा!"

आणखी चौघं बसली. मग बायका बसल्या. नटांनीही बोचकी खाली टाकली. सरूबाईनं गोड बोलून पाहिलं, धाक घालून पाहिला; प्रत्येक वाक्याला उत्तर येत होतं. वगात सवाल-जवाब तिनं पुष्कळ केले होते, पण समोरचा असा जीव तोडून कधी बोलला नव्हता. शेवटी साहेबानं पाठ फिरवली आणि धरणाच्या दिशेनं चालू लागला. मागून हसण्याचा आणि रडण्याचा एकच कल्लोळ उठला.

भागूनं नंतर तिला गाठलं. "बाई, त्या वक्ताला आमी उठलो व्हतो."

"ठावं हाय, भाऊ. म्हनून तर आज मी निघाले."

रीनानं बोचकी उचलून निघायचा शेवटचा प्रवेश काढूनच टाकला. पुढं महाळुंगे पडवळला प्रयोग ठरला, तिथले लोक कालव्यावरून चिडलेले होते. तालमीत तिनं विचारलं, "मावशी, तिथं प्रेक्षकांतून भागूबाबांसारखं कुणी उठलंच नाही तर?"

"उठवनार की! आजून गोड बोलते बग," सरूबाई म्हणाली आणि साहेबाची टोपी झटकून डोक्यावर ठेवली.