दुसऱ्या ठिपक्याची पाळी

नामदेव सर भेटले की आधी नमस्कार नाही, चहा नाही. "कोण्या रस्त्यानं आलास? किती येळ लागला?" परळीच्या आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य रुजू झाले, तेव्हा त्यांनाही सरांनी दारातच हे विचारलं होतं. माणूस भौतिकशास्त्र शिकवायचा आणि अख्ख्या जगाला उशिराचा जाब विचारायचा.

मी रसायनशास्त्राचा, शेजारच्या टेबलावरचा. एकदा मला समजेल असं त्यांनी सांगितलं, "बीडाहून दोन येष्ट्या एकाच टायमाला सुटल्या. एक मांजरसुंब्यावरून आली, एक तेलगाववरून. दोघींत बातमी एकच, पण एक येष्टी उशिरा पोचली. क्वेसारचं तसंच हाय बे. लई लांबच्या दीर्घिकेचा पेटता गाभा त्यो. त्याचा उजेड मधल्या दीर्घिकेच्या वजनानं वाकतो, दोन वाटांनी येतो. एकाचे दोन ठिपके दिसतात. पहिला लकाकला की दुसरा किती दिसांनी लकाकतो, तेवढं मोजायचं. त्या उशिरावरून विश्व किती वेगानं फुगतंय ते निघतं."

त्या एका उशिरासाठी त्यांनी अकरा वर्षं घातली. डोंगरावरच्या एका वेधशाळेतून चित्रं यायची आणि सर तास संपवून स्टाफरूममध्ये दोन्ही ठिपक्यांचा उजेड मोजत बसायचे. अखेर निवृत्तीच्या तोंडावर पहिला ठिपका लकाकला. सरांनी पेढे वाटले. मग मधल्या दीर्घिकेच्या वजनावरून उशिराचं ढोबळ गणित मांडलं आणि पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. दुसऱ्याची पाळी ऐन पावसाळ्यात येत होती, आणि पावसाळ्यात तिथली दुर्बीण बंद असते.

तेवढे महिने ठिपक्यावर नजर ठेवा म्हणून परदेशातल्या वेधशाळांना त्यांनी पत्रं लिहिली. कोणी दाद दिली नाही. ऑक्टोबरात चित्रं आली तेव्हा दुसरा ठिपका होता तसा मंद. मधल्या महिन्यांत कधीतरी लकाकून गेला असणार. कधी, ते कोण सांगणार?

मी आपला शहाणपणा केला. "सर, आलेखात मधे अंदाजानं रेघ ओढून टाका की. कोण बघतंय?"

"बघितलं न्हाई ते बघितलं म्हनून मांडू? मग अकरा वर्षं काहून मोजलं बे?" त्यांनी आलेखाची वही मिटून टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ते खचलेच. निवृत्त होऊन गावी, धर्मापुरीला, जाताना म्हणाले, "रविवारी येत जा, मोजायला शिकवतो." मी पेपर तपासण्याची सबब सांगितली. दुसऱ्या उन्हाळ्यात सर गेले.

परवा वेधशाळेचं पत्र आलं. पहिला ठिपका पुन्हा लकाकलाय. या खेपेला दुसऱ्याची पाळी हिवाळ्यात आहे. सरांच्या जागी आता कोण मोजतं, असं त्यांनी विचारलंय. आभाळ मोकळं असेल, दुर्बीण उघडी असेल, चित्रं वेळेवर येतील. आणि मला मोजता येत नाही.