सबनीसकाकांची पाकिटं

सबनीसकाकांच्या घरी धड पेपर सापडणं अशक्य होतं. सकाळी दाराबाहेर पडलेलं पुडकं ते चहाच्या आधी उचलायचे आणि खुर्चीत बसून कात्री चालवायला लागायचे. अर्ध्या तासाने तो पेपर काकूंच्या हाती यायचा, तेव्हा त्याला एवढी भोकं पडलेली असायची की पलीकडची फोडणी दिसावी. "अहो, निदान कूपनांचं पान तरी सोडत जा," काकू म्हणायच्या. "कूपनांच्या मागे शेरीफ आहे," काका म्हणायचे, आणि काउंटीचे शेरीफसाहेब साबणाच्या सवलतीसकट पाकिटात जायचे.

ही घरची हौस झाली. पोटापाण्याचा उद्योगही तोच होता. आमच्या काउंटीच्या इंग्रजी दैनिकात काका ग्रंथपाल होते. म्हणजे ग्रंथ एकही नाही, नुसती कात्रणं. काउंटीत ज्याचं नाव एकदा छापून आलं, त्याच्या नावाचं एक खाकी पाकीट. बातमीत चार नावं असली तर पेपरच्या चार प्रती कापायच्या आणि प्रत्येकाच्या पाकिटात एकेक कात्रण टाकायचं. तळघरातल्या त्या लांबलचक खोलीत पाकिटांनी भरलेली लोखंडी कपाटं होती आणि अमेरिकन लोक त्या खोलीला बिनदिक्कत 'मॉर्ग' म्हणायचे. आपल्याकडे नोकरीच्या जागेला शवागार म्हटलं तर युनियन संपावर जाईल. काका इथे आले केमिकल इंजिनिअर म्हणून. सत्तरच्या दशकातल्या मंदीत कंपनी बुडाली, तेव्हा त्यांनी ही नोकरी 'तात्पुरती' धरली, ती एकोणतीस वर्षं टिकली. मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख करून देताना लोक चाचरत म्हणायचे, "हे मीडियात असतात." काका लगेच दुरुस्ती करायचे, "मीडियाच्या खाली असतो. तळघरात."

मी तिथे पोचलो २००३ साली. मूळचा नागपूरचा, कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर आलेला, आणि काम मोठं पुण्याचं मिळालेलं: त्या तळघराची गरज संपवणं. मालकाच्या नातवाने पेपर दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीला विकला होता. त्या कंपनीला पेपर सोडून पेपरमधल्या सगळ्या गोष्टींत रस होता. वेबसाइट, सिनर्जी, कंटेंट असले शब्द रोज मीटिंगमध्ये डोनटबरोबर वाटले जायचे. पहिल्या दिवशी मी खाली गेलो आणि इंग्रजीत सांगितलं की मी आर्काइव्ह डिजिटाइझ करायला आलोय. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि मराठीत विचारलं, "म्हणजे कपाटं विकणार की मला?" मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही.

दुपारी ते मला आपल्या डब्यातली पोळी-भाजी वाढायचे आणि अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीचं ज्ञान द्यायचे. "हे बघ, इथे पान आखताना आधी जाहिराती बसवतात. उरलेल्या भोकात जे भरतात त्याला बातमी म्हणतात. लोकशाहीचा चौथा खांब वगैरे सगळं त्या भोकात." वर जुन्या गाड्या नि भाड्याच्या घरांच्या छोट्या जाहिराती घेणारा अख्खा विभाग होता, मी असतानाच त्यातली टेबलं रिकामी होत गेली, कारण लोक त्याच जाहिराती इंटरनेटवर फुकट टाकायला लागले होते. वरचे साहेब मात्र पेपरचा फॉन्ट बदलत होते. काका म्हणाले, "जहाजाला भोक पडलंय आणि हे खुर्च्यांना गाद्या शिवतायत."

त्यांचा खरा अभिमान होता तो सगळ्यात खालच्या कप्प्याचा. काउंटीतल्या वजनदार म्हाताऱ्यांचे मृत्युलेख तिथे आधीच लिहून तयार असत. काका त्याला 'वेटिंग लिस्ट' म्हणायचे. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "काय बाप्पा, जिवंत माणसाचं श्राद्ध घालता?" ते म्हणाले, "श्राद्ध नाही रे. तयारी." प्रत्येक लेखाच्या माथ्यावर काकांच्या हाताने लाल पेन्सिलीत एकच ओळ लिहिलेली: छापण्याआधी घरी फोन करावा. पुढे घरचा नंबर. पोलिसांनी सांगितलं, हॉस्पिटलने सांगितलं, चर्चने घंटा वाजवली, तरी काका फोन करायचेच. तीन प्रश्न ठरलेले. खरंच गेले का? कधी? मागे कोण कोण? उत्तर आलं की लाल ओळीवर बरोबरची खूण, आणि मगच लेख वर जायचा. नव्या रिपोर्टर पोरी वैतागायच्या. काका आवाज चढवायचे नाहीत. "माणूस मेला हे घरच्या माणसानेच सांगायला हवं. कागदाला काय कळतंय?" एवढंच म्हणायचे आणि नंबर फिरवायचे.

आता माझी कर्तबगारी. वेटिंग लिस्टचं टायपिंग बाहेर दिलं होतं. टाइप करणाऱ्यांनी छापील मजकूर चोख उतरवला आणि हाताने लिहिलेलं सगळं गाळलं, कारण करारात हस्तलिखित नव्हतं. मी त्या फाइल्स 'मृत्युलेख' नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. त्या फोल्डरमध्ये जे पडेल ते आपोआप वेबसाइटवर चढवणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला होता आणि त्याबद्दल मला डोनट खाता खाता टाळ्या मिळाल्या होत्या. काकांनी दोनदा विचारलं होतं, "फोनचं काय केलंस?" मी दोन्ही वेळा सांगितलं, "काका, सिस्टिम बघेल."

सिस्टिमने बघितलं. सोमवारी सकाळी आमच्या काउंटीतले सतरा प्रतिष्ठित नागरिक एकाच वेळी मेले. माजी महापौर, दोन प्राचार्य, फुटबॉलचा एक कोच, आणि जज हॅलोरन म्हणून एक निवृत्त न्यायाधीश. वरचे सगळे फोन खणखणायला लागले. जजसाहेबांनी स्वतः फोन केला. म्हणाले, लेख वाचला, बरा उतरलाय, फक्त मी आता नाश्ता करू की नको ते सांगा.

माझी नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की बॅग भरून नागपूर. मुख्य संपादिका लिंडा खाली आल्या, हातात त्या सतरा जणांची यादी. त्यांनी विचारलं, "ही फाइल कोणी पास केली?" मी तोंड उघडलं. शब्द यायच्या आत काका म्हणाले, "मी. फोनची नोंद टाकायची माझी जबाबदारी होती. राहून गेली."

मी गप्प बसलो. लिहायला आजही लाज वाटते, पण गप्प बसलो. काकांनी दिवसभर एकेका घरी फोन करून माफी मागितली, त्याच शांत आवाजात, फक्त प्रश्न उलटे करून: तुम्ही कसे आहात, घरचे कसे आहेत. पाचव्या फोननंतर मला म्हणाले, "पहिल्यांदाच सगळ्यांकडून चांगली बातमी मिळतेय."

महिन्याभरात माझा व्हिसा शाबूत राहिला आणि काकांची खोली गेली. निरोपाला केक होता. त्यावर काकांचं नाव चुकीचं, आणि मॅनेजरने भाषणात त्यांना 'परंपरेचा दुवा' म्हटलं. पाकिटं कचऱ्याच्या डंपस्टरमध्ये जाणार होती. काकांनी मला विचारलं, "तुझी गाडी मोठी आहे ना?" पुढचे तीन शनिवार आम्ही एकोणतीस वर्षांची काउंटी गाडीच्या डिकीत घालून त्यांच्या बेसमेंटमध्ये नेली. "आपली मुक्ता एवढ्या लांबून, बेलव्ह्यूहून, बाळंतपणाला आली तर तिला कुठे झोपवू, शेरीफच्या मांडीवर?" काकू कडाडल्या. मग त्यांनीच कपाटांखाली पाणी शिरू नये म्हणून फळ्या आणून टाकल्या.

आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. एकदाच, आयसेलिनच्या देशी बाजारात दोसा खाताना, मी म्हणालो, "काका, तुम्ही का सांगितलंत तसं?" ते सांबारात चमचा फिरवत राहिले. "माझी खोली जाणारच होती. मग तुझी कशाला घालवायची? पण एक लक्षात ठेव, आधी फोन कर." मला तिथेच रडू फुटलं. वेटर बिचारा पाणी घेऊन धावला. त्याला वाटलं, चटणी लागली.

पेपर त्यानंतर दरवर्षी बारीक होत गेला. वरचे साहेब याला 'नवं रूप' म्हणायचे. मीच बनवलेला एक फॉर्म वेबसाइटवर आला: नाव, तारीख, फोटो, बटण दाबा, मृत्युलेख तयार. कोणीही कोणालाही घरबसल्या मारू शकेल अशी सोय. मात्र काही अडलं की लिंडाबाई गुपचूप काकांच्या घरी फोन करायच्या, आणि काका बेसमेंटमध्ये उतरून दहा मिनिटांत पाकीट काढायचे.

२००८ च्या नोव्हेंबरात काका गेले. सकाळी चहाच्या आधी, पेपर उचलायला दारात वाकले तेवढंच. मी नऊला पोचलो. त्यांची लेक मुक्ता विमानात होती. दुपारी काकू म्हणाल्या, "पेपरात द्यायला हवं रे. त्यांना आवडलं असतं." मी लॅपटॉप घेऊन बेसमेंटमध्ये गेलो आणि एस अक्षराचं कपाट उघडलं. होतंच. खाकी पाकीट, सबनीस. आत अर्धं पान, टाइप केलेलं. जन्म, शिक्षण, तात्पुरती नोकरी. तारखेची जागा मोकळी. माथ्यावर लाल पेन्सिलीने: छापण्याआधी घरी फोन करावा. पुढे याच घराचा नंबर.

मी फॉर्म भरला. बटणावर बोट ठेवलं आणि ते पुढे जाईना. शेवटी खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. वर किचनमध्ये घंटी वाजली. काकूंची पावलं ऐकू आली.

"हॅलो?"

"काकू, पेपरसाठी बोलतोय. सबनीस... खरंच गेले का?"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता रागावतील.

"हो," त्या म्हणाल्या. "गेले."

"कधी?"

"आज सकाळी. सव्वासहाला."

"मागे कोण कोण?"

"मी. बेलव्ह्यूला मुक्ता, जावई, नात." मग त्यांनीच विचारलं, "तुझं नाव घालायची पद्धत नाही ना रे?"

"नाही, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कपाटावर काकांची लाल पेन्सिल होती. मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि मग बटण दाबलं.