साहेबांचे विनोद आणि हसूताई

नळ-पाईपांच्या त्या कंपनीत बिलं करणाऱ्या बाईंना सगळे हसूताई म्हणायचे. साहेबांनी विनोद केला की बाकीचे नुसते दात दाखवून मोकळे व्हायचे, ही मात्र टेबल बडवून, डोळे पुसत, "पुरे साहेब, पोट दुखलं!" म्हणेपर्यंत हसायची. आणि विनोद काय, तर म्हणे, "आपले नळ गळत नाहीत, गिऱ्हाईकं गळतात!" आता सांगा, यावर कुणाला हसू येईल?

पण बाईला गरज होती ना! कंपनीची दुसरी शाखा तिच्या घरासमोरच होती आणि तिला तिथे बदली हवी होती. नवरा सदा फिरतीवर. चिमुरडी लेक शाळेतून आली की शेजारच्या काकूंकडे खाली मान घालून चार घास गिळायची. दुपारी तिच्या ताटासमोर आपण असावं, एवढंच बाईचं मागणं. त्यापायी बिचारी गाल दुखेपर्यंत हसली.

शेवटी धीर करून बदली मागितली, तर साहेब म्हणतात कसे, "छे छे! तुम्ही गेलात तर आमचं ऑफिस ओस पडेल!"

घ्या! हसून हसून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला की बाईनं!

मग तिनं हसणंच बंद केलं. साहेबांनी नळाचा विनोद केला, ही बिलात डोकं घालून बसली. पाईपाचा केला, ही खिडकीबाहेर बघत राहिली. साहेबांचं तोंड असं काही उतरलं की बाईलाच कसंतरी व्हायला लागलं. अखेर त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, रागावलात का?"

"नाही हो साहेब. लेक एकटी जेवते माझी. जीव तुटतो."

"मग हे आधी सांगायचं! त्यासाठी इतकं हसायचं कशाला? ते हसू खोटं आहे, हे मला काय कळत नव्हतं? सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, असं सांगून मी घाईघाईनं निघालो, तेव्हासुद्धा तुम्ही टेबल बडवून म्हणालात, 'पुरे साहेब, पोट दुखलं!'"

बाई पांढरीफटक पडली. "अगं आई गं! त्या खरंच पडल्या होत्या?"

"खुबा मोडला!"

"आणि मी हसले ते... त्यांना कळलं?"

"मीच सांगितलं. तर म्हणाल्या, 'जावईबापू, त्या बयेलाच आणा भेटायला. बाकीचे येतात ते नुसते रडतात!'"

बाईनं ओठ घट्ट दाबले. पण छे! नाकातून घोरल्यासारखा आवाज आला, आणि मग ती जी सुटली ती खुर्चीवरून खालीच बसली. असलं बेंगरूळ हसणं साहेबांनी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. तेही फुटले. हसता हसताच त्यांनी बदलीच्या कागदावर सही केली, तीही वाकडीतिकडी.

जिन्यात येऊन तिनं काकूंकडे फोन लावला आणि लेकीला बोलावून घेतलं. पण बोलायला गेली तर हसूच हुंदक्यासारखं बाहेर पडलं.

"आई? रडतेस का गं?"

"कुणास ठाऊक गं राणी," ती म्हणाली. "पण सोमवारपासून जेवायला माझ्यासाठी थांबायचं."